वरून चार बोटं

"केतकीजी, हा रंग खास तुमच्यासाठी काढून ठेवलाय," असं मल्लिनाथ म्हणाला आणि माझ्या हातातला फोन हलला.

फोन हलला म्हणजे आमचं अख्खं दुकान हललं, कारण आम्ही तेव्हा लाइव्ह होतो. बार्शीच्या होनराव वस्त्रभांडारातली पांढरी गादी, गादीवर उभा माझा नवरा, त्याच्या खांद्यावरचा डाळिंबी पदर, सगळं घरोघरी बघत बसलेल्या बायकांना भूकंप झाल्यासारखं दिसलं असणार. लगेच खाली शेरे यायला लागले. ‘अण्णा, फोन नीट धरायला सांगा.’ ‘मला गरगरलं.’

"नंदा, नीट धर की," तो म्हणाला.

मी नीट धरला. पण डोक्यात ते ‘जी’ जाऊन बसलं ते बसलंच.

मल्लिनाथ म्हणजे आमचे हे. तोंडावर मी अहो-जाहो करते, पण लिहिताना नाव घेते आणि अरेतुरेही करते. इथं अडवायला कोण येतंय? या गोष्टीला आता सात-आठ वर्षं झाली. तेव्हा आमच्या लग्नाला अठरा वर्षं झाली होती, लेक लातूरला शिकायला गेली होती, आणि मल्लिनाथ ऐन पंचेचाळिशीत अचानक प्रसिद्ध झाला होता.

प्रसिद्ध झाला तो त्याच्या हातांमुळं. साडीच्या दुकानातले पुरुष साडी स्वतःच्या अंगावर लावून दाखवतात, हे तुम्ही पाहिलंच असेल. आमच्या सासऱ्यांचा तर नियमच होता की गिऱ्हाईकाच्या अंगाला हात लावायचा नाही. पदर टाकायचा तो आपल्या खांद्यावर आणि निऱ्या धरायच्या त्या आपल्या पोटाशी. मल्लिनाथ मिसरूड फुटायच्या आधीपासून हे करत आला. भरघोस मिशांचा, चांगला उंचापुरा बाप्या पदर असा सोडतो की बघणारीला वाटावं, साडी जन्मली ती याच्यासाठीच. निऱ्या घालताना बोटं कशी चालतात ते दिसतसुद्धा नाही. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढून टाकला आणि दोन महिन्यांत आमचा ‘मल्लूअण्णा साडीवाले’ झाला. मग मी स्टुलावर उभी राहून फोन धरायचा आणि त्यानं गादीवर उभं राहून साड्या दाखवायच्या, असं रोज सुरू झालं. स्टूल कशाला, तर माझी उंची. नवऱ्याच्या खांद्यालाही मी धड पोचत नाही.

तर त्या ‘जी’बद्दल. आमच्या धंद्यात बाई पायरी चढली की ती ताई होते, नाहीतर वहिनी, मावशी, आक्का. लाइव्हवरही तेच. लाल बदामांची माळ पाठवणारी असो की ‘अण्णा, तुमच्यासारखा नवरा हवा होता’ म्हणणारी असो, मल्लिनाथचं उत्तर ठरलेलं: "धन्यवाद ताई, काठ बघून घ्या." त्या ‘ताई’च्या जिवावर मी निर्धास्त होते. आणि आता हजार ताईंमधून एकटी केतकी उठून ‘जी’ झाली होती.

तिला मी ओळखत होते. म्हणजे फोनवर. केतकी सरनोबत, पुण्याची, साड्यांचे व्हिडिओ करणारी, आमच्यापेक्षा कितीतरी जास्त बायका तिच्या मागं. चाळिशीची, उंच, कापलेले केस, आणि हसायची तेव्हा सगळे दात दिसायचे. चांगले दात होते, हेही सांगून टाकते.

त्याच दिवशी लाइव्ह संपता संपता फोनच्या वरच्या बाजूला तिचा निरोप टपकला. फोन माझ्याच हातात. मी वाचणार नाही तर काय करणार? ‘तुमच्या बोटांची जादू मला कधी अनुभवायला मिळणार?’ आणि पुढं एक डोळा मारणारा पिवळा गोळा.

त्या पिवळ्या गोळ्यानं माझ्या पोटात दुसरा गोळा आणला.

आता माझी अडचण कळायला तुम्हाला आमच्या घरातली एक गोष्ट सांगायला पाहिजे. मी सोलापूरची, बँकेतल्या कारकुनाची मुलगी. लग्नापर्यंत साडीला हात लावलेला नव्हता. सासरी मात्र साडीच नेसायची असा सासूबाईंचा हुकूम. लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी सहावार घेऊन खोलीत नुसती उभी होते, डोळे भरून आले होते. मल्लिनाथनं दार लावलं, म्हणाला, "रडतीस कशाला? घरात साडीचं दुकान असताना!" आणि त्यानं मला साडी नेसवली. माझ्या उंचीला कुठलीही साडी पायांत यायची, म्हणून आधी वरचा काठ चार बोटं आत दुमडायचा, मग खोचायचा. मग निऱ्या. मग पदर. शेवटी कमरेवर हलकेच चापट मारून म्हणायचा, "वळ." मी वळायची, तो लांबून एकदा बघायचा आणि दार उघडायचा.

हे रोज. बाहेरून सासूबाई ओरडायच्या, "झालं का न्हाई अजून? किती मैलांची साडी हाय गं तुझी?" आणि आत आम्ही तोंड दाबून हसायचो. त्या बंद दाराआड आमचा काय संसार झाला ते सगळं सांगणार नाही, पण त्याच्या हातांचा मला लोभ होता. आहे.

आणि एक गुपित. लग्नानंतर सहा महिन्यांत मला साडी उत्तम नेसता यायला लागली होती. हे मी कुणाला सांगितलं नाही. त्याला तर मुळीच नाही. तो मालासाठी सुरतेला गेला की पुढंपुढं मी पंजाबी ड्रेस घालायची, सासूबाईंची बोलणी खायची, पण स्वतः नेसायची नाही.

मल्लूअण्णा प्रसिद्ध झाला आणि सकाळी फोन घेऊन बसायला लागला. बायकांना उत्तरं द्यायची असायची. मी साडी घेऊन उभी. "येतो गं, येतो," म्हणता म्हणता एक दिवस मान वर न करता म्हणाला, "आज ड्रेसच घाल की. कोण बघतंय तुला? तू तर फोनच्या मागं असतीस."

मी ड्रेस घातला. रागावू कशी? साडी नेसून दाखवली तर अठरा वर्षांचं नाटक उघडं पडणार. आणि नेसव म्हणून मागे लागायचं, तर ते काय मागून घ्यायचं असतं? तेव्हापासून ड्रेसच चालू होता. अशात ते ‘जी’ आलं.

मी माझ्या नणंदेला गाठलं. राजश्री दोन गल्ल्या सोडून राहते, आणि सासरपेक्षा माहेरच्या भानगडींत तिला जास्त रस.

"वहिनी, तू खोटं खातं काढ," ती लगेच म्हणाली. "गुलाबाचा फोटो लाव आणि दादाला चावट निरोप पाठव. पाघळतोय का बघू."

"मी? चावट?"

"मग मी लिहू सख्ख्या भावाला? काढ फोन."

आम्ही दोघींनी मिळून ‘रातराणी’ नावाचं खातं काढलं. फोटो मात्र गुलाबाचा, कारण रातराणीचा बरा मिळाला नाही. बराच वेळ डोकी खाजवून लिहिलं: ‘तुमचे हात पाहून मला काहीतरी होतं.’ राजश्रीनं पाठवलं आणि दोघी फोनकडं टक लावून बसलो.

उत्तर आलं: ‘धन्यवाद ताई. कुठल्या साडीबद्दल म्हणताय? फोटो पाठवा.’

राजश्री लोळून हसली. मीही हसले, पण हसता हसता रडूच आलं. "अगं, हसतीस काय? सगळ्या जगाला ताई म्हणतोय. म्हणजे ती एकटीच वेगळी आहे."

राजश्रीचं हसणं थांबलं. "व्हय की," ती म्हणाली.

त्या आठवड्यात मल्लिनाथनं मिशांना कलप लावला. नवे दोन शर्ट शिवून आणले. आणि एक दिवस जेवताना भाकरी मोडत मोडत, माझ्याकडं न बघता म्हणाला, "केतकीजी म्हणतात, पुण्याला या. चार दिवस साड्यांचं प्रदर्शन आहे. दोघांनी मिळून व्हिडिओ करू म्हणतात."

"दोघांनी म्हणजे?"

"म्हणजे मी आणि त्या."

"बरं. उतरायचं कुठं?"

त्यानं भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला. तो पार विरघळला तरी बाहेर काढला नाही. "त्यांच्या फ्लॅटमध्ये एक खोली आहे म्हणे. गुरुवारी त्या स्वतः येताहेत इकडं. दुकानातून एक लाइव्ह करायचं, आणि मग त्यांच्याच गाडीतून जायचं."

सासूबाई वाढत होत्या. त्यांचा हात वाटीवर थांबला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "जा की."

अभिमान नावाची वस्तू फार वाईट. मला म्हणायचं होतं, नका जाऊ. मला म्हणायचं होतं, तुम्ही त्या गाडीत बसलात तर चार दिवसांनी परत याल, पण माझे म्हणून येणार नाही. तोंडातून मात्र निघालं, "जा की. बॅग भरून ठेवते."

आणि भरलीही. नवे शर्ट इस्त्री करून वर ठेवले.

गुरुवारी केतकी आली. गाडीतून उतरली तेव्हा समोरच्या भांड्याच्या दुकानातले दोघे उभे राहून बघायला लागले. अंगात पांढरा कुर्ता, जीन्स, आणि उंची अशी की आमच्या दारात तिनं मान थोडी लववली. दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं होती, राजश्री मुद्दाम येऊन काउंटरला टेकून उभी होती. सासूबाई घरी, त्यांच्या फोनवर लाइव्ह लावून बसलेल्या. मी नेहमीच्या जागी स्टुलाजवळ, फोन घेऊन, निळ्या ड्रेसमध्ये.

"मल्लिनाथजी!" केतकीनं हात पुढं केला. आमच्याकडं बाईशी हात मिळवत नाहीत. मल्लिनाथनं आधी नमस्कार केला, मग घाईघाईनं हात धरला, मग दोन्ही करायला गेला. मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आलं.

"आणि या कोण?" तिनं माझ्याकडं बघत विचारलं.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. कलप लावलेल्या मिशा हलल्या. "ह्या... फोन धरतात," तो म्हणाला.

राजश्रीच्या हातातला पाण्याचा पेला काउंटरवर दाणकन आपटला. बायको म्हणायला पाच शब्द लागत नाहीत, एकच लागतो, आणि तो माणसाच्या तोंडून निघू नये? त्या क्षणी मला वाटलं, जाऊ दे याला. बसू दे त्या गाडीत. मी स्टुलावर चढले आणि लाइव्ह सुरू केलं.

बघणारे धबाधबा वाढत होते, कारण केतकीच्या मागच्या बायकाही आल्या होत्या. तिनं दोन वाक्यांत सगळ्यांना आपलंसं केलं. खरं सांगते, बाई लाघवी होती. वाईट असती तर मला सोपं गेलं असतं. मल्लिनाथनं इरकल काढली, पैठणी काढली, नेहमीप्रमाणं खांद्यावर टाकून दाखवायला लागला. एक मोरपंखी रेशमी साडी त्यानं उलगडली तशी केतकी गादीवर चढली आणि त्याच्याजवळ जाऊन म्हणाली, "स्वतःवर रोजच लावता हो. आज माझ्यावर नेसवा ना. सगळ्यांना बघू द्या तुमच्या हातांची जादू."

त्या गादीवर सासऱ्यांच्या काळापासून कुठल्या पुरुषानं गिऱ्हाइकाला साडी नेसवली नव्हती. नवरीबाईला नेसवून दाखवायची असली तर राजश्रीला बोलावणं जायचं. मल्लिनाथच्या कपाळावर घाम आला. पण त्याचे डोळे चमकत होते, आणि ती चमक मी ओळखत होते. त्यावर अठरा वर्षं माझाच हक्क होता.

शेरे धो धो येत होते. ‘अण्णा, नेसवा!’ ‘नेसवा नेसवा!’

त्यानं माझ्याकडं पाहिलं. परवानगी मागत होता की थांबव म्हणत होता, अजून मला कळलेलं नाही. फोन बंद करायला एक बोट पुरलं असतं.

"नेसवा की," मी स्टुलावरून म्हणाले. "बघू तरी."

केतकीनं कुर्त्यावरून कमरेला दुकानातला पट्टा बांधला. मल्लिनाथनं साडीचं टोक घेतलं. आधी हातांनी टोक उलटंच धरलं. मग मात्र त्या हातांना त्यांचं काम सापडलं. एकदा काम सापडलं की मल्लिनाथचं डोकं बंद होतं आणि हातच काय ते चालतात, हे माझ्याइतकं कुणाला माहीत? एक फेरा. पट्ट्यात खोच. मग निऱ्या, एकावर एक. बोटं तिच्या कमरेजवळून भराभरा फिरत होती आणि मी फोनमधून ते सगळं बघत होते, सगळ्या दुनियेला दाखवत होते. डोळे मिटावेसे वाटले, पण मिटले तर फोन हलला असता.

निऱ्या खोचल्या. पदर टाकला. एक पाऊल मागं झाला, आणि तिच्या कमरेवर हलकेच चापट मारून म्हणाला, "वळ."

वळा नाही. वळ.

केतकी चमकली. मल्लिनाथही चमकला, चटका बसल्यासारखा त्यानं हात मागं घेतला. पण तोवर ती वळली होती, आणि वळल्यावर सगळ्यांना खालचा भाग दिसला.

मोरपंखी साडीचा काठ तिच्या घोट्यांच्या कितीतरी वर लोंबत होता. खालून जीन्सचे पाय दिसत होते, आणि त्याखाली बूट.

आधी गिऱ्हाइकांतली एक म्हातारी खुदकन हसली. मग फोनवर शेऱ्यांचा पूर आला. ‘अण्णा, पाण्यात उतरायचंय का?’ ‘साडी आटली वाटतं.’ ‘मल्लूअण्णा, हे काय हो!’ राजश्री पदरानं डोळे पुसत होती. आणि मल्लिनाथ, साड्यांच्या धंद्यात ज्याचे केस पिकत आले तो मल्लिनाथ, त्या काठाकडं बघत उभा होता. काय झालंय ते त्याच्या हळूहळू ध्यानात येत होतं.

माझ्या ध्यानात आधीच आलं होतं. त्यानं वरचा काठ चार बोटं आत दुमडला होता.

तोंडात तारीफ ‘केतकीजीं’ची, मिशांना कलप ‘केतकीजीं’साठी, पण हातांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. त्यांना एकच बाई ठाऊक होती, खांद्यापर्यंत न पोचणारी. ते तिलाच नेसवून मोकळे झाले होते. स्टुलावर उभी राहून मी हसायला लागले. फोन हलायला लागला, हलू दिला.

केतकी मूर्ख नव्हती. तिनं कमरेशी चाचपून दुमड बघितली, खाली काठाकडं बघितलं, मल्लिनाथच्या लाल झालेल्या कानांकडं बघितलं. मग सावकाश माझ्या दिशेनं वळली.

"या फोन धरणाऱ्या ताई," ती म्हणाली, "जरा स्टुलावरून खाली उतरतील का?"

मी उतरले. तिच्याशेजारी जाऊन उभी राहिले. फोन राजश्रीनं हिसकावून घेतला आणि आम्हा दोघींवर रोखला. बघणाऱ्यांना काय ते एका नजरेत कळलं असणार.

"अच्छा!" केतकी म्हणाली, आणि सगळे दात दाखवून मोकळी हसली. "म्हणजे हे माप यांचं आहे. कोण या, मल्लिनाथजी? आता तरी सांगा."

"बायको," तो म्हणाला. आवाज घोगरा झाला होता. "माझी बायको. महानंदा. चूक झाली... माफ करा, ताई."

ताई!

मला वाटलं गादीवर फुगडी घालावी.

"मग वहिनींनाच नेसवा ना ही," केतकी साडी सोडत म्हणाली. "इथंच. सगळ्यांना बघायचंय."

"ते नाही जमायचं," मी म्हणाले. कुठून जीभ सुटली देव जाणे. "आमचं ते काम घरी चालतं. दार लावून."

दुकानात असा हशा झाला की भांड्याच्या दुकानातले दोघे पायरीपर्यंत आले. मल्लिनाथनं तोंड रुमालात लपवलं. आणि राजश्री फोनमध्ये बघून किंचाळली, "आईनं लिहिलंय! आईनं लिहिलंय!"

‘म्हणूनच रोज उशीर होत होता,’ असं सासूबाईंनी लिहिलं होतं, सगळ्या महाराष्ट्रासमोर.

केतकीनं ती मोरपंखी साडी विकत घेतली. गाडीपाशी मी तिला पोचवायला गेले. बॅग न्यायचं कुणी नाव काढलं नाही. दार उघडताना ती थांबली.

"वहिनी, तो निरोप तुम्ही वाचला असेल ना? बोटांच्या जादूचा?"

"फोन मीच धरते," मी म्हणाले.

"मला सवय लागलीय असं लिहायची. त्यावर लोक खूश होतात, मीही होते. आणि त्यांनी पुढं पाऊल टाकलं असतं तर मी मागं सरले असते असं नाही, खोटं कशाला बोलू?" ती क्षणभर माझ्या डोक्यावरून लांब कुठंतरी बघत राहिली. "पण माझं माप कुणाच्या हातात असं बसलेलं नाही हो. जपा." आणि गेली. मला ती आवडली. आजही दिवाळीला तिचा निरोप येतो, पिवळ्या गोळ्याशिवाय.

त्या संध्याकाळी मल्लिनाथनं बॅग स्वतः रिकामी केली. जेवताना सासूबाई त्याला नेहमीपेक्षा जास्त वाढत होत्या आणि मला बघून पदराआड हसत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हिरवी इरकल घेऊन खोलीत उभी राहिले. तो आला. हातात फोन नव्हता. त्यानं दार लावलं.

"गेला असतात का?" मी विचारलं.

त्यानं खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही, एवढं मी त्याच्या नावावर जमा धरते. "गेलो असतो बहुतेक. बॅग भरलेली होती की. तूच भरली होतीस."

"आणि मग?"

"मग काय. हातांनी घोळ केला." तो साडीची घडी मोडायला लागला. "नंदा, लई वाईट वागलो मी. फोन धरतात म्हणालो. ते आठवलं की घास उतरत नाही बघ."

"न उतरू दे दोन दिवस," मी म्हणाले. पण आवाज हवा तेवढा कडक निघाला नाही. मग वाटलं, आता माझंही सांगून टाकावं. "मला पण एक सांगायचंय. मला साडी नेसता येते."

"ठाऊक आहे."

"ठाऊक आहे म्हणजे? कधीपासून?"

"राजूच्या लग्नापासून. मी दिवसभर मांडवात होतो, आणि तू नेसून आलीस. म्हणालीस, पार्लरवालीनं नेसवली."

"मग?"

"अंगावर एक पिन नव्हती. पार्लरवाली पिनेशिवाय नेसवते व्हय? आणि वरून चार बोटं दुमडलेली. ते आपल्या दोघांशिवाय कुणाला ठाऊक?"

राजश्रीचं लग्न होऊन पंधरा वर्षं झाली होती. मी त्याच्याकडं बघतच राहिले. "एवढी वर्षं माहीत होतं, आणि बोलला नाहीत?"

"तू तरी कुठं बोललीस?"

बाहेरून सासूबाईंची हाक आली, "झालं का न्हाई अजून?" आणि मागोमाग त्याच म्हणाल्या, "चालू द्या, चालू द्या. मी आपली चहा टाकते."

मल्लिनाथ हसला. कलप उतरायला लागला होता; मिशांची मुळं पांढरी दिसत होती, आणि मला तो लग्नातल्यापेक्षा देखणा वाटला. त्यानं वरचा काठ हातात घेतला, न बघता चार बोटं आत दुमडला, खोचला, निऱ्या घातल्या, पदर टाकला. मग कमरेवर हलकेच चापट मारली.

"वळ," तो म्हणाला.

मी वळले.